चंदीचे माप



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता किंवा संप यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज मी घोड्याच्या खाण्यावर बोलणार आहे. घोड्याला ओट घातला म्हणजे त्याच्या अंगी जादा जोर येतो, ही समजूत फार जुनी आणि फार दूरवर पसरलेली आहे. ती खरी आहे काय, असली तर किती खरी आहे, आणि ते माप कोणी ठरवायचे, एवढाच माझा विषय. मी पशुवैद्य नव्हे. परंतु काम आणि अन्न यांचा हिशेब ज्याला रोज मांडावा लागतो, त्याला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. आपल्याकडे घोड्याच्या खाण्याचे दोन भाग मानतात. गवत, कडबा ही झाली वैरण. हरभरा, हुलगा असा दाणा ही झाली चंदी. दाणा घालून घोड्याच्या तोंडाला जी पिशवी बांधतात तिला तोबरा म्हणतात. तोंडात तोबरा भरला असे आपण अजून म्हणतो, पण तो तोबरा डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडी उरली. हुलग्याला तर इंग्रजीत घोड्याचाच हरभरा असे नाव पडले आहे, इतका तो घोड्याच्या नावाशी बांधला गेला.

युरोपात चंदीचे धान्य म्हणजे ओट. थंड आणि ओलसर हवेत, गव्हाला न मानवणाऱ्या हलक्या जमिनीतही ते येते. म्हणून स्कॉटलंडासारख्या देशात ते माणसाचेही अन्न झाले आणि घोड्याचेही. डॉक्टर जॉन्सन याने १७५५ साली इंग्रजी भाषेचा मोठा कोश प्रसिद्ध केला, त्यात ओटची व्याख्या देताना स्कॉच लोकांना चिमटा काढला आहे. इंग्लंडातल्या घोड्यांचे खाणे ते स्कॉटलंडातल्या माणसांचे जेवण, असा त्या चिमट्याचा मतलब. आज तेच धान्य चपटे करून ओट्स या नावाने आपल्या किराणा दुकानात पुड्यांतून मिळते, आणि कचेरीत बैठे काम करणारी मंडळी वजन उतरावे म्हणून ते सकाळी खातात. एकाच धान्याने घोड्याचा जोर वाढावा आणि माणसाचे वजन उतरावे, हे कोडे धान्यात नाही. खाणारा किती खातो आणि किती राबतो, यात ते आहे.

आता घोड्याच्या पोटात जाऊ. मोकळा घोडा दिवसरात्र मिळून १४ ते १६ तास चरतो. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरांचे. त्यात थोडे थोडे आणि सारखे काहीतरी जात राहावे, अशी निसर्गाची योजना आहे. गवतातला चोथा जठरात पचत नाही. तो पुढे मोठ्या आतड्यात जातो, तेथे असंख्य सूक्ष्मजंतू त्याला आंबवतात, आणि त्या आंबवण्यातून जी सौम्य आम्ले निघतात त्यांवर घोडा जगतो. म्हणजे घोड्याच्या पोटात चोवीस तास चालणारा एक कारखाना आहे. त्याची भट्टी मंद असते, पण विझू देऊन चालत नाही.

असा हा प्राणी माणसाने टांग्याला, नांगराला, तोफेला जुंपला. जुंपलेला घोडा चरू शकत नाही. दिवसाचे आठ तास त्याच्या चरण्यातून काढून घेतले, आणि वर त्याच आठ तासांत त्याच्याकडून दुप्पट शक्ती मागितली. खर्च वाढला आणि मिळवण्याचा वेळ घटला. ही तूट कशी भरून काढावयाची? एक किलो वाळले गवत चघळायला घोड्याला सुमारे ४० मिनिटे लागतात. एक किलो ओट तो सुमारे १० मिनिटांत संपवतो. ओटचे सारे मर्म येथे आहे. धान्यात शक्ती दाटून भरलेली असते आणि ती थोड्या वेळात पोटात जाते.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. ५०० किलो वजनाच्या घोड्याला नुसते उभे राहून जगायला दिवसाला सुमारे १६,५०० उष्मांक लागतात. मध्यम काम असले तर २३,००० च्या वर, जड काम असले तर २६,५०० च्या आसपास, आणि शर्यतीची तयारी करणाऱ्या घोड्यासारखे अतिजड काम असले तर ३४,५०० पर्यंत. बऱ्यापैकी वाळल्या गवताच्या एका किलोत घोड्याला उपयोगी पडणारे सुमारे २,००० उष्मांक असतात, ओटच्या एका किलोत सुमारे २,८००. आता जड काम करणाऱ्या घोड्याला केवळ गवतावर ठेवू म्हटले, तर त्याला रोज १३ किलोंहून अधिक गवत लागेल. एवढे त्याच्या पोटात मावणे कठीण, आणि चघळायला नऊ तास हवेत ते निराळेच. त्याऐवजी ८ किलो गवत आणि ४ किलो ओट दिला तर २७,००० च्या वर उष्मांक मिळतात आणि खाण्याचे काम सहा तासांत उरकते. तीन तास वाचले. ते घोड्याच्या विश्रांतीला मिळाले की मालकाच्या गाडीला, हा पुढचा प्रश्न.

तात्पर्य, ओटमध्ये जादू नाही. ओटात घोड्याला चेतवणारे काही गूढ द्रव्य असते असेही लोक मानीत आले, पण ते सिद्ध झालेले नाही. ओटातील पिष्ट लवकर पचते, रक्तातील साखर चढते, आणि बांधून ठेवलेला घोडा त्यामुळे जास्त उसळी मारतो, एवढे म्हणता येईल. इतर धान्यांपेक्षा ओट घोड्याला अधिक मानवतो याचीही साधी कारणे आहेत. त्याचे पिष्ट न शिजवताही लहान आतड्यात चांगले पचते. मक्याचे तसे पचत नाही. शिवाय ओटच्या दाण्यावर टरफल असते, त्यामुळे त्यात चोथा सुमारे दहा टक्के असतो आणि तो पोटात गोळा होऊन बसत नाही. जुन्या घोडेवाल्यांना हे रसायन ठाऊक नव्हते, पण अनुभव पक्का होता.

ज्याला आपण घोड्याचा खुराक म्हणतो, त्याचा अर्थ मी असा लावतो. ती बक्षिसी नव्हे, परतफेड आहे. मालकाने घोड्याचा वेळ घेतला आणि त्याच्या स्नायूंतली शक्ती घेतली. जे घेतले ते दाण्याच्या रूपाने त्याला परत करावे लागते. न केले तर घोडा ते आपल्या अंगातून भरतो. आधी चरबी जाते, मग मांस जाते, फासळ्या दिसू लागतात. काम काही दिवस होत राहते, म्हणून मालकाला वाटते की आपण चंदी वाचवली. खरे पाहता तो घोडाच खात असतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओट जास्त घातला म्हणजे जोर जास्त येईल, हे खरे नव्हे. लहान आतड्याला झेपेल त्याहून अधिक पिष्ट एकदम गेले, की ते तसेच मोठ्या आतड्यात उतरते. तेथली मंद भट्टी एकदम भडकते, आम्ल वाढते, उपयोगी सूक्ष्मजंतू मरतात. पोटशूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे आत गेलेले बाहेर काढण्याची सोयही नाही. कित्येकदा खुरांच्या आतला भाग सुजतो आणि घोडा कायमचा लंगडा होतो. म्हणून जाणते लोक एका वेळी दोन किलोंहून अधिक दाणा घालीत नाहीत. दिवसाचा दाणा तीन-चार वेळांत वाटून देतात, वैरण आणि पाणी कधी तोडीत नाहीत, आणि चंदी वाढवायची तर आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवतात.

आपल्या लहानपणीचा तो उखाणा सर्वांना आठवत असेल. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. विलायतेच्या गाडीघोड्यांत हा उखाणा रोग होऊन उभा राहिला. सोमवारचा रोग असेच त्याचे नाव पडले. आठवडाभर राबणाऱ्या घोड्याला रविवारी सुटी, पण चंदी मात्र कामाच्या दिवसाइतकीच पूर्ण. सोमवारी सकाळी गाडीला जुंपला की थोड्याच अंतरावर त्याचे पुठ्ठे लाकडासारखे ताठ व्हावेत, अंगाला घाम सुटावा, आणि लघवी काळपट तपकिरी पडावी. स्नायू आतून फाटत असल्याची ती खूण. काही घोडे उभ्या जागी बसत आणि पुन्हा उठत नसत. आज असे समजते की हा एकच रोग नसून अनेक कारणांनी होणारी अवस्था आहे. काही जातींच्या घोड्यांत स्नायूंत साखर साठवण्याचा उपजत दोष असतो, आणि त्याला कारण असलेला एक जनुकीय बदल २००८ साली सापडला. परंतु जुना नियम आजही खोटा ठरलेला नाही. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चंदी कमी, वैरण भरपूर, आणि घोड्याला थोडे फिरवणे. चंदी कामाच्या मापाने द्यावी. कमी दिली तर घोडा झिजतो, जास्त दिली तर मोडतो.

हा नियम मोठ्या प्रमाणावर कोणी पाळला? दयाळू माणसांनी नव्हे, हिशेबी कंपन्यांनी. लंडन शहरात एकोणिसाव्या शतकात घोड्यांच्या बसगाड्या धावत. सर्वांत मोठ्या कंपनीच्या पागेत हजारो घोडे होते. एक बस दिवसभर रस्त्यावर राहावी म्हणून तिच्यामागे दहा-अकरा घोडे ठेवीत. एक घोडा दिवसाला सुमारे बारा मैल, म्हणजे तीन-चार तास जुंपला जाई. उरलेला वेळ तो तबेल्यात खात आणि विश्रांती घेत असे. त्याचा दाणा तोलून मिळे, नालबंद त्याचे खूर पाही, पशुवैद्य तपासणी करी.

आणि त्याच बसवर बसलेला गाडीवान? त्याच्या जागी दहा माणसे नव्हती. घोडे बदलत, गाडीवान तोच राही. चौदा-सोळा तास तो पावसात आणि धुक्यात त्या बैठकीवर बसे, कंडक्टर तेवढेच तास पायरीवर उभा असे. जून १८९१ मध्ये लंडनच्या बसकामगारांनी संप केला. त्यांची मोठी मागणी काय होती? बारा तासांचा दिवस. घोड्याला चार तास आणि माणसाला बारा तास मिळावेत म्हणून भांडण! सुमारे आठवडाभर बसगाड्या थांबल्या, तेव्हा कोठे माणसाच्या तासांचा हिशेब मांडला गेला. घोड्याच्या तासांसाठी मात्र कोणाला संप करावा लागला नव्हता.

असे का व्हावे? कंपनीचे अधिकारी घोड्यांवर प्रेम करीत आणि माणसांचा द्वेष करीत, असे मी म्हणणार नाही. कारण वहीत आहे. घोडा विकत घेतलेला असतो. त्याची किंमत भांडवलाच्या खात्यात लिहिलेली असते. तो मेला तर तेवढी रक्कम बुडाली, आणि नवा घोडा घेऊन शिकवायला पुन्हा खर्च. गाडीवान विकत घेतलेला नसतो, रोजावर लावलेला असतो. तो आजारी पडला तर फाटकापाशी दुसरा उभा आहे. त्याच्या झिजेची नोंद मालकाच्या वहीत होत नाही, ती त्याच्या बायकोच्या कपाळावर होते. आपल्याकडे माणसाला खूश करून राबवायचे तर त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात. घोड्याला निदान खरा हरभरा तरी मिळे.

म्हणून कोणी म्हणेल, तर मग घोडाच सुखी. तसेही नव्हे. त्याच वहीने बसच्या घोड्याचे कामाचे आयुष्य चार-पाच वर्षे ठरवले होते. दगडी रस्त्यावर थांबणे आणि पुन्हा ओढणे यात त्याचे पाय जात, आणि मग तो कमी किमतीला विकला जाई. जोवर हिशेबात बसला तोवर भरला तोबरा, हिशेबाबाहेर गेला की खाटकाचा रस्ता. २५ ऑक्टोबर १९११ रोजी त्या कंपनीची शेवटची घोड्यांची बस धावली. मोटारबस स्वस्त पडू लागली होती. घोड्याने या निकालावर काही म्हणणे मांडले नाही, कारण त्याला म्हणणे मांडता येत नाही.

मुंबईतही हा हिशेब घडला आहे. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी या तिच्या पहिल्या वाटा. सुरुवातीस कंपनीच्या पागेत ९०० घोडे होते, शेवटी १,३६० झाले. घोड्यामागे रोज केवळ ४ किलो दाणा धरला, तरी एवढ्या घोड्यांना दिवसाला साडेपाच टन धान्य लागेल. ते कोणत्या तरी शेतात पिकावे लागते, कोणी तरी पाठीवरून तबेल्यात टाकावे लागते, आणि त्याची लीद कोणी तरी उचलावी लागते. १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम आली आणि हा सारा व्यवहार मागे पडला.

शहर घोड्यांच्या पोटावर किती चालत होते, हे अमेरिकेत १८७२ साली दिसले. त्या वर्षीच्या शरदात कॅनडातून घोड्यांच्या तापाची साथ पसरली. घोडे मोठ्या संख्येने मेले नाहीत, पण आठवडेच्या आठवडे उभे राहू शकेनात. शहरांत माल पडून राहिला, आणि कित्येक ठिकाणी माणसांनी स्वतःला गाड्यांना जुंपून घेतले. ९ नोव्हेंबर १८७२ रोजी बोस्टन शहरात मोठी आग लागली, तेव्हा आगीचे बंब माणसांना हातांनी ओढीत न्यावे लागले. घोडा पडला की त्याच्या जागी माणूस जुंपला जातो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

युद्धात तर चंदी तोफगोळ्यांच्या तोलाची ठरली. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातल्या मध्यम घोड्याचा नेमलेला शिधा दिवसाला १२ पौंड ओट आणि १० पौंड वाळले गवत असा होता. त्या युद्धात ब्रिटनने फ्रान्सला जहाजांनी जे सामान पाठवले, त्यात दारूगोळा भरला सुमारे ५२ लाख ५३ हजार टन, आणि घोड्यांसाठी ओट व गवत भरले सुमारे ५४ लाख ३८ हजार टन. तोफांच्या पोटापेक्षा घोड्यांचे पोट मोठे ठरले. पुढे पुढे शिधा कमी करावा लागला, चिखल आणि थंडी वाढली, आणि घोडे तोफांपेक्षा थकव्याने अधिक पडले. कामाचे माप वाढले असताना चंदीचे माप घटवले, म्हणजे याहून दुसरे काय व्हायचे?

आता आपल्या घरातले एक उदाहरण देतो. छत्रपती शिवाजी महाराजांचे १६७० च्या दशकातले एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूण भागात पावसाळ्यासाठी घोडदळाची छावणी पडली होती, तेथील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिले आहे. आशय असा, की घोड्यांसाठी दाणा आणि गवत कष्टाने साठवले आहे. आता हाताला लागेल तसे उधळाल तर ऐन पावसात ते संपेल, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकर, गवत, भाजीपाला ओढून आणू लागतील, ते होता कामा नये. गंजी पेटू नयेत म्हणून दिव्याच्या वातीपर्यंत त्यात ताकीद आहे.

या पत्रात मला राज्यकारभाराइतकाच अर्थशास्त्राचा धडा दिसतो. चंदीचे माप चुकले तर त्याचा दंड प्रथम घोडा भरतो, आणि त्यानंतर ज्याचा या व्यवहाराशी संबंधही नाही तो कुणबी भरतो. वरच्या माणसाच्या बेहिशेबीपणाचा बोजा सर्वांत खालच्या माणसाच्या शेतावर येऊन पडतो. ते ओळखून माप आधीच बांधून देणे, यालाच मी न्याय समजतो.

मोतद्दाराचीही एक गोष्ट येथे आठवावी. मोतद्दार घोड्याची चंदी मारतो, हा ठपका पागेइतकाच जुना असावा. विचार करा, ज्याच्या घरी हरभरा शिजत नाही, त्याच्या हातून रोज दोन-तीन किलो भिजवलेला हरभरा जनावरापुढे जायचा. मूठभर हरभरा पदराला बांधला तर तो चोर ठरतो. चोरी वाईटच. तिने मुका प्राणी उपाशी राहतो. परंतु त्यावर पहारेकरी नेमणे हा अर्धा उपाय झाला. मोतद्दाराला पोटभर वेतन द्या, म्हणजे घोड्याची चंदी घोड्यालाच पोहोचेल. मुक्या जनावराची राखण उपाशी माणसाच्या हाती सोपवू नये.

हे सारे ऐकून तुम्ही विचाराल, माणसाच्या चंदीचे माप कधी कोणी बांधले की नाही? बांधले. डॉक्टर वॉलेस आयक्रॉइड हे १९३५ ते १९४५ या काळात कुन्नूरच्या आहार संशोधनशाळेचे प्रमुख होते. माणसाला किती अन्न लागते याचे त्यांनी काढलेले माप पुढे ठेवून, १९५७ साली भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाची व्याख्या केली. मध्यम काम करणाऱ्या प्रौढामागे दिवसाला २,७०० उष्मांक, एका कमावत्यामागे तीन खाणारी माणसे, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, करमणूक, म्हातारपणाची आणि लग्नकार्याची तरतूद यांसाठी आणखी २५ टक्के धरले पाहिजेत असे सांगितले.

या दोन तारखांमधला फरक मला मोठा वाटतो. १९५७ चे माप बव्हंशी पोटाचे आणि अंगावरच्या कापडाचे होते. तेवढे माप घोड्यालाही होते, त्याला दाणा होता आणि झूल होती. मुलाची शाळा, म्हातारपण, करमणूक ही माणसाची चंदी. ती मापात यायला आणखी चौतीस वर्षे जावी लागली. आणि माप कागदावर येणे निराळे, तोबऱ्यात पडणे निराळे. मजुरी वाढली की माणसे आळशी होतात, असे सांगणारे सद्गृहस्थ मला आजही भेटतात. त्यांना मी घोड्याच्या मालकाची वही पाहायला सांगतो. चंदी तोडून घोडा अधिक ओढतो, असे त्या वहीत कोणी लिहून ठेवले नाही.

मात्र कामगार बंधूंनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. सोमवारचा रोग आपण विसरू नये. आज कित्येक कारखान्यांत आणि गोदामांत दुप्पट पाळी करणारी तरुण मुले डब्यातून मिळणारी उत्तेजक पेये पितात, आणि अंगात जोर आला असे समजतात. घोड्याला ओट घातला तर त्यात निदान अन्न असते. या पेयांत साखर आणि झोप पळवणारे द्रव्य असते, म्हणजे उद्याच्या अंगातून आज उसने घेणे असते. जोर हा दाण्यात जितका आहे तितकाच विश्रांतीत आहे. बसच्या घोड्याला ओट पचत होता, कारण त्याला वीस तासांची उसंत होती. जादा तासांच्या बदल्यात जादा भत्ता घेतला म्हणजे हिशेब मिटला, असे देहाच्या वहीत नसते.

माणूस आणि घोडा यांत शेवटचा फरक मी हा मानतो. घोड्याला माप करता येत नाही. त्याची चंदी नेहमी दुसऱ्याच्या हाताने पडणार. तो हात हिशेबी असला तर पोट भरते, बेफिकीर असला तर फासळ्या निघतात. माणसाला मोजता येते, विचारता येते, आणि दहा जणांना बरोबर घेऊन मापाची तागडी पाहता येते. आम्ही चळवळीत जे करतो ते याहून फारसे वेगळे नाही. आम्हाला घोड्याइतके खायला द्या, एवढेच मागणे असते तर ते एखाद्या शहाण्या मालकाने केव्हाच मान्य केले असते. माप ठरवताना आम्हीही तेथे बसणार, हे खरे मागणे.

ज्यांना बसता येत नाही, त्यांच्या वतीने आपण बसले पाहिजे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या. पण घोडा आपल्या प्रांतातून अगदी गेलेला नाही. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे घोडे आजही माणसे आणि माल वाहतात. लग्नाच्या वरातीत घोडा असतो. तुमच्यापैकी जे उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातील, त्यांनी घोड्यावर बसण्यापूर्वी त्याच्या फासळ्यांकडे आणि खुरांकडे एकदा पाहावे. त्याला पाणी केव्हा पाजले, दिवसात हा कितवा फेरा, हे विचारावे. आणि घोडेवाल्याशी भाड्याची घासाघीस करताना एवढे ध्यानात ठेवावे, की तुम्ही जे पन्नास रुपये तोडाल ते बहुधा दोन जागांहून निघतील, घोड्याच्या तोबऱ्यातून आणि घोडेवाल्याच्या ताटातून. पाठीवर मारावे पण पोटावर मारू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. घोड्याच्या बाबतीत पाठ आपण अगोदरच वापरलेली असते.